धारूरच्या डोंगरावर नेलेला चहा

धारूरला काय पाहिलंत, असं परत आल्यापासून जो तो विचारतो. किल्ला पाहिला का? बाहेरून. अंबाजोगाईला जाऊन आलात का? नाही. मग एवढ्या लांब बीड जिल्ह्यात जाऊन केलंत तरी काय? चहा केला, असं मी सांगते, आणि समोरचा माणूस हसतो. हसू देत बापडा. तिकडे कुणी जात नाही आणि गेलं तरी मी गेले त्या कामाला जाणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी पुण्यात एका जपानी बाईंकडे चहा शिकते. चहा म्हणजे आपला आलं-साखरेचा नव्हे. हिरव्या पानांची बारीक पूड, त्यावर गरम पाणी आणि बांबूच्या घुसळणीने आणलेला फेस. पण हे झालं वरवरचं. पाहुण्यासमोर कसं बसायचं, वाडगा कसा पुसायचा, कोणता हात आधी उचलायचा, हे सगळं त्यात येतं, आणि ते शिकता शिकता गुडघे कायमचे कुरकुरायला लागतात. "इतकी वर्षं चहा शिकतेस आणि सकाळचा चहा मीच करतो," असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. ते खरंच आहे.

बाईंचं नाव मिचिको. आम्ही त्यांना सेन्सेई म्हणतो, म्हणजे गुरुजी म्हणा की. तरुणपणी जपानी भाषा शिकवायला भारतात आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न नाही, जवळचं म्हणावं असं तिकडे एक बहीण. कोथरूडला तळमजल्यावरच्या एका खोलीत चटया टाकून त्यांनी आमच्यासारख्या अडाण्यांना चहा शिकवला. आता वय झालं. बहिणीकडे कायमचं परत जायचं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांची एक विद्यार्थिनी होती, अश्विनी. धारूरजवळच्या एका वस्तीवरची पोरगी. आईवडील ऊसतोडीला जाणारे. ही नर्सिंग शिकली, मग जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळते म्हणून सेन्सेईंकडे भाषा शिकायला आली. भाषेच्या वर्गानंतर चहाच्या वर्गाला का थांबतेस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "काकू, शनवारी मेसला सुट्टी असती. हितं खायला मिळतंय." इतकी सरळ. वाडग्याची पुढची बाजू सुंदर असते, तिला ओठ लावू नयेत म्हणून पिण्याआधी वाडगा फिरवायचा, असं सेन्सेईंनी सांगितलं, तर हिचं उत्तर, "आमच्यात तोंड न लावता वरून पेतेत. ते सोपं हाय." सेन्सेईंना इतकं मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चैत्रात तिला ताप आला आणि चार दिवसांत पोरगी गेली. सेन्सेई तेव्हा बहिणीच्या ऑपरेशनसाठी जपानला होत्या. परत आल्या तेव्हा मीच दारात त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं का." आत गेल्या आणि किटली घासत बसल्या. त्यानंतर अश्विनीचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. मला तर रागच आला होता. दगड आहे की काय ही बाई, असं मी घरी म्हणाले.

दिवाळी झाली आणि त्यांचा फोन आला. "जाण्याआधी मला तिच्या आईला चहा द्यायचा आहे. त्यांच्या घरी."

मी अश्विनीच्या वडिलांना, भानुदासभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "या की, या. पर लवकर या. टोळी निघायलीय आमची. आन् मालकीन काय बोललीच, तर मनावर नका घिऊ."

म्हणजे आठवड्याच्या आत जायचं होतं. पुढच्या आठवड्यात अश्विनीची आई ऊसतोडीला कारखान्यावर आणि सेन्सेई विमानात. ही भेट हुकली तर हुकलीच.

कडा

गाडी रफीकभाईंची. मूळचे आष्टीचे, त्यामुळे नगर सोडल्यावर त्यांची छाती जरा फुगली. "आता बघा बाई, आमचा मुलूख." मुलूख म्हणजे उघडे माळ, मध्येच तुरीचं रान, बाभळी, आणि वर भलंमोठं आभाळ. पुण्याहून येणाऱ्याच्या डोळ्याला आधी काहीच दिसत नाही. नंतर दिसायला लागतं.

कड्याला साखर कारखान्याच्या अलीकडे चहाला थांबलो. रस्त्याने ऊसतोडीच्या टोळ्या चालल्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, चुलीला लागणारं सरपण, शेळ्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. सेन्सेई बराच वेळ बघत होत्या. "हे सगळं घर आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, सहा महिन्यांचं घर.

टपरीवाल्याने रफीकभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "ही बाई कोन हाय बे?"

"चहा शिकवते."

"चहा? चहा काय शिकायचा आसतो व्हय?" आणि त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या काय घालतेत चहात?"

"काही नाही. दूध नाही, साखर नाही."

"मंग पेतेत कावून?"

या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांत देता आलेलं नाही. सेन्सेईंनी त्याचा उकळलेला, गोडमिट्ट चहा दोन्ही हातांत कप धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप ठेवून त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा ओशाळला. "आवो, काय करता माय," म्हणत त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि स्वतःही वाकला.

धारूर

आष्टी मागे पडली, पुढे मांजरसुंब्याचा घाट आला. बालाघाटाचे डोंगर उंच नाहीत, पण पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जाणारी ती पठारं पाहिली की मन शांत होतं. उतारांवर सीताफळाची झाडं. रस्त्याच्या कडेला बायका पाट्या घेऊन बसलेल्या. हंगाम सरत आला होता. सेन्सेईंनी गाडी थांबवून थोडी फळं घेतली, आणि पुढे एका गावात खवा घेतला. या भागातला खवा नामांकित. हे सगळं कशाला घेतलं, ते मला लॉजवर पोचल्यावर कळलं.

धारूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लॉजच्या मालकिणीने स्वयंपाकघर उघडून दिलं. सेन्सेईंनी सीताफळाच्या बिया काढून गर परतून आटवला, त्यात खवा मळला, आणि एकेक गोळा ओल्या फडक्यात धरून पिळला. फडकं उघडलं की पिळाच्या वळ्या पडलेलं लहानसं फळ दिसायचं.

"पेढेच की हो हे," मालकीणबाई म्हणाल्या.

या चहाच्या आधी पाहुण्याला गोड द्यावंच लागतं. चहा जहाल कडू. रिकाम्या तोंडी, रिकाम्या पोटी तो देणं म्हणजे पाहुण्याचे हाल करणं. आधी गोड, मग कडू. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही.

मग पाण्याची परीक्षा झाली आणि तिथे सगळंच ओम फस. लॉजच्या बोअरचं पाणी इतकं जड, की घुसळून घुसळून हात दुखले तरी फेस धरेना. "इथं किल्ल्यात एका बाजूला खारं पाणी हाय, एका बाजूला गोडं," मालकीणबाईंनी माहिती पुरवली, "पर आता कोन पेतंय ते. जार मागवा की." मी जार मागवायला निघाले होते. सेन्सेईंनी थांबवलं.

"उद्या त्यांच्या घरचं पाणी घ्यायचं. ती ते पाणी पिऊन मोठी झाली."

अश्विनीबद्दल इतक्या महिन्यांत त्या बोलल्या ते एवढंच.

वस्ती

सकाळी सेन्सेईंनी राखाडी रंगाचा किमोनो नेसला. एकही फूल नाही, वेल नाही. त्यांच्याकडे शोकाच्या प्रसंगाला असाच साधा नेसतात. गाडी वस्तीपर्यंत जाईना, शेवटचा चढ पायी. त्या लांब बाह्यांचं एका शेळीला इतकं आकर्षण वाटलं की तिने एक बाही तोंडात धरली ती सोडेचना. रफीकभाईंनी हाकललं तेव्हा बाहीला हिरवी लाळ. मी हळहळले. सेन्सेई म्हणाल्या, "चला, उशीर होतो."

चार-पाच पत्र्याची घरं, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली ट्रॅक्टर उभा. सामान बांधायचं काम चाललेलं. भानुदासभाऊ पुढे आले, पाय धुवायला पाणी दिलं, सारवलेल्या ओसरीवर घोंगडी टाकली. आम्ही चपला बाहेर काढल्या. सेन्सेईंनी आपल्या वळून बाहेरच्या दिशेला तोंड करून नीट लावल्या, तशा माझ्याही लावल्या. भिंतीवर अश्विनीचा फोटो होता, नर्सिंगच्या पांढऱ्या कपड्यातला. त्याला प्लास्टिकचा हार.

आई, कौसाबाई, आतून बाहेर आल्या नाहीत. भांडी पोत्यात भरल्याचा आवाज येत राहिला. भानुदासभाऊंनी दोनदा हाक मारली. शेवटी त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावरून पदर. पोरीचं नाक आईचं होतं.

"हीच का ती?"

"हो," मी म्हटलं.

"हिच्याच देशाला निघाल्ती पोरगी." त्या सेन्सेईंकडे बघत होत्या, बोलत होत्या माझ्याशी. "सारखं सेन्शाई आसं म्हनती आन् सेन्शाई तसं म्हनती. इचार तिला, पोरगी गेली तवा कुठं व्हतीस म्हनावं."

"कौसे," भानुदासभाऊ म्हणाले.

चहाबरोबर शिकलेल्या मोडक्यातोडक्या जपानीत मी भाषांतर करायला तोंड उघडलं. त्याची गरज नव्हती. सेन्सेईंना मराठी बोलता फार येत नाही, पण कळतं. त्या मराठीतच म्हणाल्या, "मी नव्हते."

सबब नाही, बहिणीचं ऑपरेशन नाही, काही नाही. मी नव्हते. कौसाबाई उंबऱ्यावरच बसल्या. या म्हणाल्या नाहीत आणि जा म्हणाल्या नाहीत.

अंगणात तीन दगड मांडून भानुदासभाऊंनी चूल पेटवून दिली. त्यांच्याच रांजणातलं पाणी किटलीत घातलं. सेन्सेईंनी ओसरीवर आपलं सामान मांडलं आणि कामाला सुरुवात केली. शेजारच्या बाया येऊन कडेला टेकल्या. पहिल्यांदा कुजबुज होती. कुणी म्हणालं, पूजा हाय व्हय. नंतर आवाज थांबले. फडक्याची घडी घालताना, डबी पुसताना सेन्सेईंचे हात चालत होते, आणि तेवढ्या बायांमध्ये फक्त चुलीतलं लाकूड तडतडत होतं.

पहिला वाडगा फोटोपुढे ठेवला. तो कुणी प्यायचा नसतो. मग त्यांनी एका पळसाच्या पानावर सीताफळ-खव्याचा एक गोळा ठेवला आणि कौसाबाईंच्या पुढे सरकवला. हात टेकून वाकल्या.

कौसाबाईंनी पानाकडे पाहिलं. बोटाने ते परत सरकवलं.

"मला गोड न्हाई चालत. वरीस न्हाई सरलं."

मला वाटलेलं, तेराव्याला गोडाचं जेवण होतं, त्यानंतर खायला हरकत नसते. घरात सण करत नाहीत वर्षभर, एवढंच. मी तसं म्हटलंही, "तेरावं झालं ना, कौसाबाई?"

"तेरावं जगाचं झालं. आईचं तेरावं नसतंय, बाई."

तेरावं म्हणजे काय, ते मी सेन्सेईंना सांगितलं. त्यांनी हातातली घुसळणी खाली ठेवली. मग मला म्हणाल्या, रिकाम्या तोंडावर हा चहा मी कुणाला देत नाही, त्यांना सांगा.

"मंग नको देऊ," कौसाबाई म्हणाल्या, उठल्या आणि आत गेल्या.

झालं! इतक्या लांब येऊन एका पेढ्यापायी गाडं अडलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भानुदासभाऊ मान खाली घालून बसले. मला सेन्सेईंचा असा संताप आला की काय सांगू. मी खालच्या आवाजात पण चांगलंच झापलं त्यांना. म्हटलं, अहो, आज एक दिवस सोडा की तुमचा नियम! नुसता चहा द्या. ती आई आहे.

"नियमाचं नाही," त्या म्हणाल्या. "त्या उपाशी आहेत. मी आल्यापासून बघते आहे. उपाशी माणसाला कडू देऊन त्रास देऊ? आज? त्यांना?"

आणि त्या तशाच बसून राहिल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. किटलीत पाणी खदखदत होतं. मी उठून चपला घालायच्या बेतात होते.

तेवढ्यात आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मग फोडणीचा चर्र आवाज, लसणाचा वास. एक बाई म्हणाली, "आता हिला सयपाक सुचला!" दुसरी म्हणाली, "गप गं."

कौसाबाई बाहेर आल्या त्या ताट घेऊन. ज्वारीची भाकरी आणि त्यावर पिठलं. त्या उंबऱ्याशी थांबल्या नाहीत. सरळ येऊन सेन्सेईंच्या समोर मांडी घालून बसल्या आणि मला विचारलं, "हिला कुनी कडू घास दिला का?"

शहरातल्या वाचकांपैकी काहींना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. ज्या घरात माणूस जातं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. भावकीतली, शेजारपाजारची माणसं आपल्या घरून पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळंच खायला लावतात. घास गिळत नाही, पण समोर बसून कुणीतरी भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. तो खाल्ल्याशिवाय जिवंत माणसांत परत यायची वाट सापडत नाही.

"इचारते मी," कौसाबाई म्हणाल्या. "पोरगी गेल्याचं हिला कळलं, तवा कुनी आनलं का हिला खायाला?"

"त्या एकट्याच राहतात," मी म्हटलं.

"म्हंजी न्हाई."

"नाही."

खरंच नाही. आमच्या अख्ख्या वर्गात हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पोरीचे आईवडील, भाऊबंद, ते दुःखात असणार हे आम्हाला कळत होतं. किटली घासत बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईच्याही घरचं माणूस गेलंय, असं आम्ही कुणी धरलंच नव्हतं.

"तरीच आशी वाळलीय," कौसाबाई म्हणाल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात सेन्सेईंच्या तोंडापाशी नेला. "खा."

जपानी माणूस दुसऱ्याच्या हातून खात नाही. लहानपणानंतर तर नाहीच. सेन्सेई माझ्याकडे बघायला लागल्या. कौसाबाईंचा हात तिथेच होता.

"खा माय. पोरगी गेलीय आपली."

सेन्सेईंनी तोंड उघडलं. घास चावताना त्यांच्या तोंडाचं काय झालं ते मी लिहिणार नाही. हुंदका असा आला की घास बाहेर पडतो की काय. कौसाबाईंनी दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळली, आपण ठसका लागलेल्या पोराची चोळतो तशी, आणि दुसरा घास मोडला. तोही भरवला. बायांमध्ये कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. मी तर ढसाढसा रडले, आणि रफीकभाई लिंबाखाली तोंड फिरवून उभे होते.

मग कौसाबाईंनी तिसरा तुकडा मोडला आणि आपल्या तोंडात घातला. चावून गिळला.

"सांग तिला, आता माझं बी तोंड रिकामं न्हाई. दे म्हनावं तुझा चहा."

सेन्सेईंनी बाहीने डोळे पुसले, त्याच, शेळीने चघळलेल्या. हात धुतले. पूड घातली, पाणी घातलं, घुसळायला लागल्या. त्या जड पाण्याला फेस आला नाही तो नाहीच. त्यांनी तसाच वाडगा कौसाबाईंच्या पुढे ठेवला.

कौसाबाईंनी तो फिरवला-बिरवला नाही. दोन्ही हातांनी उचलला, समोरच्याच बाजूला ओठ लावले, आणि डोळे मिटून एका दमात सगळा प्यायल्या. चेहरा कसनुसा झाला, पण थेंब ठेवला नाही.

सेन्सेईंनी विचारलं, चव कशी आहे. हे विचारायची रीतच आहे. मी ते मराठीत सांगितलं.

"कडू हाय," कौसाबाई म्हणाल्या. "कडूच पायजे."

त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि सेन्सेईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. कोयत्याने घट्टे पडलेल्या त्या हातांत ते लहानसे, सुरकुतलेले हात दिसेनासे झाले.

"तू माझं खाल्लंस, मी तुझं पेले. फिटलं," त्या म्हणाल्या. "आता तू जा सुखानं तुझ्या देशाला. पोरगी मागं राहिली म्हनून जीव अडकून घिऊ नको. ती हितं माझ्यापाशी हाय."

हे शब्द मी जपानीत सांगणार होते. सेन्सेईंनी मान हलवून नको म्हटलं.